चौथी ओळ, दुसरा रकाना

सातवीच्या फळ्यावर तक्ता आखला:
धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ.
खडू दमट होता, रेघा वाकड्या आल्या.

अलीशा पठाण उठली, भराभर सांगत गेली,
मधेच थांबून म्हणाली, "मॅडम, संस्थापक नका लिहू.
अब्बा म्हणते, पैगंबर शेवटचे होते, पहिले नाही."
मी पुसलं, पुन्हा लिहिलं.

संघपाल खंडारेनं बुद्धाचं नाव सांगितलं
आणि न विचारता तारीखही:
चौदा ऑक्टोबर, छप्पन.
त्याचा पंजा त्या दिवशी नागपुरात होता,
शिदोरीला भाकर, अंगात पांढरा सदरा,
उसना.

चौथी ओळ हिंदू.
दुसऱ्या रकान्यापाशी खडू अडला.
पुस्तकात तिथं नुसती आडवी रेघ आहे.
"छापाचं राहून गेलं का, मॅडम?"
"घरी विचारून या," मी म्हटलं.
मास्तरकीत एवढी एक सोय असते.

वह्या आल्या.
पहिल्या वहीत शंकर, त्यावर काट,
मग राम, त्यावरही काट,
खाली बापाच्या अक्षरात: कायले पायजे?
दुसऱ्या वहीत फक्त एक मोबाइल नंबर.

गोलू म्हणाला, "आमच्या घरी भांडन झालं.
बाबा महानुभाव, दगडापुढं हात जोडत नाही.
काका आखाडीले मरीमायले बकरा देते.
चूल दोन, विहीर एक.
कोन्तं लिहू?"

जयवंता मडावीनं विचारलं,
"आमचा पेन झाडात रायते. त्याची ओळ कोन्ती?"
तिच्यासाठी खाली एक ओळ सोडली.
वरच्या ओळीशी ती जोडायची
की मधे रेघ मारायची, ते मला ठरवता आलं नाही.

खिचडीचा पलटा हातात घेऊन
पंचफुलाबाई दारात उभ्या होत्या.
"आमच्या बांधावर गोटा हाय, बाई.
त्याले पयल्यांदा शेंदूर कोनं लावला, नाही माईत.
औंदा म्या लावला.
लिहा मंग माह्यं नाव."
पोरं खिदळली.
मी मात्र जवळजवळ लिहिणारच होते.

कारण मलाही कोणी कधी नोंदलं नाही.
अकरा वर्षं देवळाची पायरी चढले नाही,
कोणाचा निरोप आला नाही.
भाऊ म्हणतो देवबिव काही नसतं,
आणि पोळ्याला बैलाचे खूर धुतो, गुडघ्यावर बसून.
तोंडाशी आलं ते बोलून गेले,
जरा ऐटीतच:
"आपल्याकडं यादीच नाही, पोरांनो,
म्हणून नाव कापलं जायची भीती नाही."

संघपालनं हात वर केला.
कोपरापर्यंतच.
"यादी नव्हती, तर माह्या पंज्याले
विहिरीवरून कोन्ती यादी पाहून हाकललं?"

पंखा कुरकुरत होता.
पंचफुलाबाईंचा पलटा गंजात शिरला नाही, बाहेरही आला नाही.
ती विहीर त्यांच्या आजेसासऱ्याची.
हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं,
मला सोडून.

"उद्या बोलू," मी म्हटलं.
हीसुद्धा मास्तरकीतली सोय.

एसटी यायला तास होता.
ढोल्यांच्या बांधावरून चालत गेले.
तुरीच्या तासाला अडेल असा गोटा,
नांगर त्याला वळसा घालून गेलेला,
किती पिढ्यांचे नांगर, कोण जाणे.
बोट लावलं. शेंदूर ओलाच.
बोटावरच्या खडूत मिसळून
एक फिका, बिननावाचा रंग झाला.
पदराला पुसला. निघाला नाही.

सकाळी फळ्यावर तक्ता तसाच.
चौथ्या ओळीतल्या रेघेखाली
कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं:
चौकशी चालू आहे.

अक्षर ओळखीचं वाटलं.
विचारलं नाही. डस्टर खिडकीत ठेवलं
आणि हजेरी घ्यायला बसले.